ठिपका फुटतो तेव्हा: अ‍ॅस्टिग्मॅटिझम असलेल्या एका नेमबाजासाठी साइटची निवड

पार्श्वभूमी

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डोळ्याचा नंबर, अंतरं आणि घटनांचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे. मी त्यांना रेंजवर ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

ताई ४७ वर्षांच्या. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या, उजवा डोळा प्रबळ. बारा वर्षं त्या रायफल खेळल्या. १० मीटर एअर रायफल नियमित, ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून, अधूनमधून. दोन्हीकडे नेम धरायला पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि पुढे नळीच्या टोकाला गोल रिंग. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. त्यावर इतकी वर्षं नेम धरणाऱ्या माणसाच्या नजरेबद्दल कुणाला शंका येत नाही, मलाही आली नव्हती.

मग खांदा दुखावला. डॉक्टरांनी जड रायफल आणि ती अवघड पोझिशन बंद करायला सांगितली. ताईंना खेळ सोडायचा नव्हता. त्यांनी दोन गोष्टी धरल्या. एक, १० मीटर एअर पिस्तूल. दुसरी, हलकी .२२ रायफल आणि तिच्यावर रेड डॉट साइट, म्हणजे काचेत लाल प्रकाशाचा ठिपका दाखवणारी, क्लबमधल्या ५० मीटरच्या सामन्यांसाठी. त्या गटात कुठलीही साइट चालते. मी त्यांचा कोच, डोळ्यांचा तज्ज्ञ नव्हे.

अडचण

पहिली रेड डॉट बसवली त्याच दिवशी ताई म्हणाल्या, "सर, ही साइट खराब निघाली. ठिपका गोल नाही, स्वल्पविरामासारखा दिसतो." मी डोळा लावून पाहिलं. मला ठिपका ठीक दिसला. पण माल तपासून बदलून घ्यायला काय हरकत, म्हणून साइट परत गेली. बदली आली. तीही तशीच. कधी फुटलेला थेंब, कधी उभी, किंचित कललेली रेघ. त्या म्हणाल्या, "बघत राहिलं की आकार बदलतो."

इथे मी दोन चुका केल्या. मी म्हणालो, "ब्राइटनेस कमी करून बघा." सल्ला वाईट नव्हता, पण मूळ प्रश्नाला तो हात घालत नव्हता. दुसरं, मी विचारलं, "ताई, चष्मा आहे ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "आहे ना, हा काय, घातलेलाच आहे." मी तिथेच थांबलो. चष्मा आहे म्हणजे डोळ्याचा हिशेब पूर्ण झाला असं मी धरून चाललो. माझ्याच शब्दावर त्यांनी तिसरी साइट घेतली, वेगळ्या कंपनीची आणि वरच्या दर्जाची. ठिपका पुन्हा तसाच.

त्याच महिन्यात पिस्तुलाचं कोडं चालू होतं. पहिल्या दोन सिरीजमध्ये, म्हणजे दहा-दहा शॉटच्या फेऱ्यांमध्ये, गोळ्या वर-खाली पसरायच्या. चौथ्या-पाचव्या सिरीजला तोच पसारा आडवा व्हायचा. मी ट्रिगरवर काम घेतलं, मनगटावर घेतलं, श्वासावर घेतलं. ताईंनी दोन महिने मनापासून ड्राय फायरिंग, म्हणजे गोळी न भरता सराव, केलं. गोळ्यांचा ग्रुप थोडा आवळला, पण उभ्याचा आडवा होणं थांबलं नाही. दोन बंदुकांवरच्या या दोन अडचणी एकाच डोळ्यातून येत असतील हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दोष साइटचा की डोळ्याचा

तिसऱ्या साइटनंतर मी ती रायफलवरून काढली आणि ताईंच्या हातात दिली. साइट हातात घेऊनच पाहायचं, बंदूक रॅकवर, बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग लावलेला. साध्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी ठिपका पाहिला. मग साइट हळूहळू फिरवली, पार आडवी होईपर्यंत. शेपटी जागची हलली नाही. दोष साइटमध्ये असता तर शेपटी साइटबरोबर फिरली असती. मग साइट स्थिर धरून त्यांनी डोकं उजव्या खांद्याकडे कलवलं. शेपटी डोक्याबरोबर कलली.

त्यानंतर एका पोस्टकार्डाला मी पिनने भोक पाडलं, साधारण एक मिलिमीटरचं. ताईंनी ते डोळ्यासमोर धरलं आणि एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "गोल आहे हो. एवढासा, गोल."

कार्ड काढलं, रेघ परत. लावलं, गोल. चार-पाच वेळा त्यांनी तेच केलं.

बारीक भोकामुळे डोळ्यात शिरणारी किरणांची शलाका अरुंद होते आणि फोकसची चूक डोळ्याच्या आतल्या पडद्यावर कमी पसरते. भोकातून ठिपका स्वच्छ झाला, तर दोष बहुतेक चष्म्याच्या नंबरने सुधारणारा असतो. बारा वर्षं पीप साइटने ताईंच्या डोळ्यासाठी हेच केलं होतं. त्यांच्या रायफलच्या पीपचं छिद्र १.२ मिलिमीटरचं होतं. त्या छिद्राने दोष झाकला होता, बरा केला नव्हता. छिद्र गेलं आणि तो उघडा पडला.

फोनचा कॅमेरा साइटमागे धरून फोटो काढायचीही एक पद्धत आहे. फोटोत ठिपका गोल आला तर साइट ठीक. आम्ही तेही केलं, ठिपका गोल आला. मला मात्र फिरवून बघण्याची पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण कॅमेऱ्याचा फोकस चुकला तर फोटोतही ठिपका पसरतो.

डोळ्यांच्या दवाखान्यात

बंदूक घेऊन दवाखान्यात जायचं नसतं, त्यामुळे आम्ही सुतळी नेली. ताईंनी रेंजवर पिस्तूल रोखून उभं राहायचं आणि मी डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटपर्यंतचं, अंतर सुतळीने मापून दोन गाठी मारायच्या, असं केलं. अंतर आलं ८८ सेंटिमीटर. तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टना ही सुतळी फार उपयोगी पडली. "लांबचं दिसत नाही" किंवा "जवळचं दिसत नाही" यापेक्षा "मला ८८ सेंटिमीटरवरची काळी कड स्वच्छ हवी आणि १० मीटरवरचं काळं वर्तुळ ओळखू येण्याइतकं हवं" ही मागणी त्यांना नेमकी कळली.

उजव्या डोळ्याचा नंबर निघाला: स्फेरिकल उणे ०.२५, सिलिंड्रिकल उणे १.२५, अक्ष १७५. स्फेरिकल म्हणजे सगळ्या दिशांना सारखा नंबर, सिलिंड्रिकल किंवा सिलिंडर म्हणजे एकाच दिशेचा जादा नंबर, आणि अक्ष म्हणजे तो कोणत्या कोनात बसवायचा ते. मग त्यांनी ताईंचा जुना चष्मा मशीनवर ठेवला. त्यात होता उणे ०.७५, आणि सिलिंडर शून्य. सिलिंडर वगळून त्याचा अर्धा भाग स्फेरिकलमध्ये मिसळायचा आणि सरासरी नंबर द्यायचा, अशी एक वाट असते. रोजच्या कामाला ती बऱ्याचदा पुरते. ताईंची गाडी चालत होती, पाट्या वाचता येत होत्या, तक्रार नव्हती. मी ज्याला "चष्मा आहे" म्हणून सोडून दिलं होतं तो हा चष्मा.

अ‍ॅस्टिग्मॅटिझममध्ये बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, किंवा कधी आतलं भिंग, सगळ्या दिशांना सारखं गोल नसतं. उभ्या दिशेची वक्रता वेगळी, आडव्या दिशेची वेगळी. त्यामुळे एका बिंदूतून निघालेले किरण एका जागी जुळत नाहीत, दोन वेगवेगळ्या अंतरांवर दोन रेघांमध्ये जुळतात. ताईंच्या डोळ्यात त्या दोन जागांमध्ये १.२५ डायॉप्टरचं अंतर आहे; चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात.

याचा रेड डॉटवरचा परिणाम सरळ हिशेबाने काढता येतो. बाहुली ४ मिलिमीटर उघडी असेल तर फोकसच्या १ डायॉप्टर चुकीमुळे बिंदू साधारण १४ एमओए पसरतो; एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १.२५ डायॉप्टरला तो पसारा १७ एमओए होतो. ताईंची साइट २ एमओएची होती. म्हणजे ५० मीटरवर जो ठिपका जेमतेम ३ सेंटिमीटर झाकायचा, तो त्यांना २५ सेंटिमीटरच्या उभ्या रेघेसारखा दिसत होता. त्यातला कुठला भाग "नेम" समजायचा? तोच डोळा १.२ मिलिमीटरच्या पीपमागे ठेवला की पसारा ५ एमओएवर येतो. बारा वर्षांचं कोडं मला या दोन आकड्यांनी उलगडून दाखवलं.

पिस्तुलाचं कोडंही इथेच सुटलं. उघड्या साइटवर नेम धरताना दोन गोष्टी पाहायच्या असतात: फोरसाइटची वरची कड मागच्या, म्हणजे रिअर साइटच्या कडेशी समपातळीत, आणि दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या फटी सारख्या. वरची कड आडवी, फटी उभ्या. जुन्या चष्म्यातून ताईंच्या डोळ्याला वरची कड स्वच्छ दिसायला थोडाच जोर लागत होता. फटी स्वच्छ दिसायला त्याच्या कितीतरी पट जोर, दीड डायॉप्टरहून जास्त. दोन्ही एकदम स्वच्छ दिसणं शक्यच नव्हतं. सामन्याच्या सुरुवातीला डोळा ताजा असताना त्या फटींवर फोकस आणायच्या, वरची कड धूसर व्हायची, गोळ्या वर-खाली जायच्या. पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्याला एवढा जोर तासभर धरून ठेवता येत नाही. तो ढिला पडला की कड स्वच्छ आणि फटी राखाडी, मग गोळ्या डावी-उजवीकडे. माझं मनगटाचं आणि ट्रिगरचं सगळं निदान या ठिकाणी कोसळलं. ताईंचे ते दोन महिने मी परत देऊ शकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणीही केली. दोष नियमित स्वरूपाचा होता, वर्षानुवर्षं स्थिर. हे बघून घेणं आवश्यक होतं. सिलिंडर भराभर वाढत असेल, किंवा चष्म्यानेही ठिपका जुळत नसेल, तर कॉर्निया पातळ होऊन पुढे येण्याचा आजार असू शकतो आणि तिथे साइट बदलत बसणं धोक्याचं ठरतं.

कोणते पर्याय होते

पिस्तुलासाठी पर्याय मुळात थोडे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत १० मीटर एअर पिस्तुलावर फक्त उघड्या साइट चालतात. ठिपका, दुर्बीण, आरसा काहीही नाही. पिस्तुलावर नंबरची काच किंवा फिल्टर बसवायलाही बंदी आहे. नेमबाजाने मात्र नंबरचा चष्मा घालायला मुभा आहे. रायफलमध्ये रिअर साइटवर एक नंबरची काच लावता येते, पिस्तुलात ती वाट बंद. म्हणजे सुधारणा डोळ्यासमोरच व्हायला हवी: चष्मा, शूटिंग फ्रेम किंवा कॉन्टॅक्ट लेन्स.

५० मीटरच्या रायफलला मोकळीक होती, आणि मोकळीक असली की माणूस भरकटतो. आम्हीही भरकटलो.

होलोग्राफिक साइट एका सहकाऱ्याची मागून घेतली. तिच्यात लेझरने उजळलेली रिंग आणि मधोमध बारीक ठिपका असतो. काही अ‍ॅस्टिग्मॅटिक नेमबाजांना ती रेड डॉटपेक्षा बरी वाटते. ताईंना मधला ठिपका दाणेदार, विस्कटलेला दिसला. रिंग जाड दिसली, पण तिचा मध्य डोळ्याला सापडत होता. जुन्या रिंगची सवय कामी आली. तरी दोष तसाच. ती प्रतिमाही लांबून आल्यासारखीच डोळ्यात शिरते, आणि डोळा तिला तसाच फाडतो.

हिरवा ठिपका सुचवणारे बरेच भेटले. दिवसाच्या उजेडात डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील असतो हे खरं. पण सिलिंडर रंगाने जात नाही. लाल किरण डोळ्यात थोडे मागे जुळतात आणि हिरवे पुढे. त्यामुळे थोडा मायनस नंबर सुधारायचा राहिलेल्या डोळ्याला लालच अंमळ बरा दिसतो. ताईंनी दोन्ही पाहिले, हिरवा त्यांना अधिक पसरलेला दिसला.

प्रिझम साइटकडून माझ्या फार अपेक्षा होत्या. तिच्यात खुणा काचेवर कोरलेल्या असतात, दिवा बंद असला तरी काळ्या दिसतात. डोळ्याकडच्या बाजूला फोकस जुळवायची रिंग असते. ताईंनी चष्मा काढून ती रिंग फिरवली. आधी उभी रेघ वस्तऱ्यासारखी धारदार झाली आणि आडवी धूसर. आणखी फिरवली, आडवी धारदार, उभी धूसर. दोन्ही एकदम कधीच नाही. ती रिंग फक्त स्फेरिकल नंबर भरून काढते, सिलिंडर नाही, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होतं. समोर रिंग फिरताना पाहिलं तेव्हा ते पक्कं बसलं. तरीही सांगतो, दिवा बंद ठेवून त्या काळ्या खुणा ताईंच्या तीनही ठिपक्यांपेक्षा स्वच्छ होत्या. प्रखर बिंदूला जसे किरण फुटतात तसे काळ्या रेघेला फुटत नाहीत. ज्याला चष्मा लावून नेम धरणं जमतच नाही, त्याच्यासाठी रायफलवर हा पर्याय मी आजही आधी सुचवेन. ताईंच्या बाबतीत दोन गोष्टी आड आल्या. डोळा साइटपासून ठरावीक, थोड्याच अंतरावर ठेवावा लागतो, त्यासाठी गाल पुढे सरकवला की खांद्यावर ताण यायचा. आणि साइटचं वजन जास्त. ज्या खांद्यासाठी हलकी रायफल घेतली, त्याच्यावर पुन्हा वजन टाकण्यात अर्थ नव्हता. पिस्तुलासाठी तर, जिथे साइट हाताच्या लांबीवर असते, प्रिझमचा विचारच होत नाही.

डॉटच्या मागे घडीचा पीप उभा करायचा हा चौथा पर्याय, आणि तो ताबडतोब चालला. पीपमधून ठिपका गोल. पण पीप आला की दोन्ही डोळे उघडे ठेवून मोकळी नजर ठेवण्याचा डॉटचा फायदा जातो. उजेड कमी झाला की चित्र काळवंडतं. ढगाळ संध्याकाळी ताईंना टार्गेटच सापडेना.

कॉन्टॅक्ट लेन्स, सिलिंडरवाली. ही लेन्स डोळ्यावर ठरावीक कोनात बसून राहावी म्हणून खालच्या बाजूला जड किंवा जाड ठेवलेली असते. डोकं कसंही कलवा, अक्ष डोळ्याबरोबर राहतो; अनेक नेमबाजांसाठी हाच सर्वांत सोपा उपाय ठरतो. ताईंनी चाचणीची जोडी आठवडाभर वापरली. नेम धरताना त्या पापणी मिटायला विसरतात, डोळा कोरडा पडतो, मग पापणी मिटली की लेन्स सरकते आणि ठिपक्याला क्षणभर शेपूट फुटतं. चाळिसाव्या शॉटच्या पुढे त्यांना ते सहन होईना.

उरला चष्मा. नेहमीच्या फ्रेममध्ये बरोबर सिलिंडर घालून दिला तरी एक अडचण राहत होती. रायफलवर गाल टेकवला की ताई काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघायच्या, तिरप्या. काचेतून तिरपं पाहिलं की काच स्वतःचाच थोडा अ‍ॅस्टिग्मॅटिझम तयार करते. म्हणून शूटिंग फ्रेम: एका डोळ्यासमोर एकच गोल काच, वर-खाली, आत-बाहेर सरकणारी, नजरेच्या रेषेला काटकोनात आणता येणारी.

काय ठरवलं आणि काय केलं

एकच फ्रेम, दोन काचा. डॉटसाठी लांबच्या नंबरची काच, कारण डॉटची प्रतिमा डोळ्याला लांबवर असल्यासारखी येते: उणे ०.२५, सिलिंडर उणे १.२५, अक्ष १७५. पिस्तुलासाठी त्याच नंबरात अधिक ०.५० मिळवून: अधिक ०.२५, सिलिंडर आणि अक्ष तेच. अधिक ०.५० मुळे डोळा जोर न लावता सुमारे २ मीटरवर फोकस होतो. ८८ सेंटिमीटरवरच्या फोरसाइटसाठी थोडाच जोर उरतो आणि १० मीटरवरचं काळं वर्तुळही पूर्ण विरघळत नाही. अधिक ०.७५ सुद्धा चाचणीच्या काचेने पाहिलं. फोरसाइट सुरेख दिसली, पण टार्गेटचा काळा भाग इतका मऊ झाला की खालच्या पांढऱ्या पट्ट्यात नेम कुठे धरायचा ते कळेना. ताईंनी ०.५० निवडलं. हा निर्णय त्यांच्यावरच सोडला होता.

जुन्या तीनपैकी शेवटची डॉट साइट आम्ही ठेवली. नवी काहीही घेतली नाही.

काचा आल्या. पहिल्याच दिवशी ठिपका गोल दिसला, ताईंचा चेहरा उजळला. आठवड्याने सामना होता. सामन्याच्या सकाळी त्या घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या, "सर, रेघ परत आली!" मी फ्रेम हातात घेतली. काच बदलताना ती होल्डरमध्ये फिरली होती. स्फेरिकल काच फिरली तर काही बिघडत नाही, सिलिंडरची फिरली तर सगळं बिघडतं. अक्ष १० अंश चुकला की सिलिंडरचा तिसरा हिस्सा दोष परत येतो, ३० अंश चुकला तर जेवढा होता तेवढाच दोष नव्या दिशेने उभा राहतो. ताईंची काच अंदाजे २० अंश फिरली होती, म्हणजे दोन तृतीयांश दोष परत. ठिपका बघत बघत काच हाताने फिरवून, गोल दिसेल तिथे थांबवून, तो सामना कसाबसा पार पडला.

दुसऱ्या दिवशी ऑप्टोमेट्रिस्टकडून अक्षाच्या रेषेत काचेच्या काठावर दोन बारीक खुणा करून घेतल्या. होल्डरच्या रिंगवर समोरासमोर पांढऱ्या रंगाचे दोन टिपके दिले. खुणेला खूण भिडली की काच बरोबर. डोकं सरळ ठेवून नेम धरण्याचाही सराव केला, कारण अक्ष डोकं सरळ असताना मोजलेला असतो आणि पोझिशनमध्ये फ्रेम चेहऱ्यावर वाकडी बसली तर काच बरोबर असूनही अक्ष चुकतो.

ब्राइटनेसबद्दलचा माझा जुना सल्ला आता त्याच्या योग्य जागी आला. ठिपका दिसेल न दिसेल इतका मंद ठेवायचा. प्रखर ठिपका कुठल्याही डोळ्यात थोडा पसरतोच.

निकाल

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी. ५० मीटरवरच्या रायफलच्या ग्रुपमधला उभा पसारा गेला, ग्रुप गोलाकार झाला. पिस्तुलात दहा शॉटची सिरीज पूर्वी ८२ ते ८८ मध्ये हेलकावे खायची, आता ८८ ते ९१ मध्ये राहते. शेवटच्या सिरीजला पसारा आडवा होणं जवळपास थांबलं आहे. सगळं श्रेय काचेला देता येणार नाही. त्या सहा महिन्यांत त्यांनी सरावही भरपूर केला, आणि आधीचं ड्राय फायरिंगही वाया गेलं नसेल. पण सिरीजमागून सिरीज ग्रुपची दिशा बदलत जाणं काच लागल्याच्या आठवड्यापासून थांबलं, हे स्कोअरच्या वहीत स्पष्ट दिसतं.

सगळं सुटलं असंही नाही. संध्याकाळी उजेड उतरला की बाहुली मोठी होते आणि ठिपक्याला बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. फ्रेमवर लावायची छोटी आयरिस आणून पाहिली, भोक लहानमोठं करता येतं ती. पिस्तुलाला दिवसा ती छान चालते. संध्याकाळी काळोख वाढवते, म्हणून ताई तेव्हा ती काढून ठेवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली साइट परत पाठवायच्या आधी ती हातात घेऊन फिरवून बघायला हवी होती. पोस्टकार्ड आणि पिन तेव्हाही माझ्या टेबलावर होती.

"चष्मा आहे का" हा माझा प्रश्नच चुकला. नंबरचा कागद मागायला हवा होता. त्यात सिलिंडरचा रकाना भरलेला आहे का, तपासणी कधी झाली, आणि तोच नंबर काचेत खरोखर उतरला आहे का, हे तीन प्रश्न मी आता प्रत्येक नव्या नेमबाजाला विचारतो. पीपवरून उघड्या साइटकडे किंवा डॉटकडे येणाऱ्यांना तर आवर्जून, मग त्यांचा स्कोअर कितीही चांगला असो.

क्रमही उलटा झाला. प्रिझम, होलोग्राफिक, हिरवा ठिपका हे सगळं आम्ही दोष न सुधारलेल्या डोळ्याने पारखलं. आधी चाचणीच्या फ्रेममध्ये पूर्ण नंबर लावून मग एकेक साइट पाहिली असती, तर तुलना न्याय्य झाली असती. ताईंनी कदाचित डॉटच निवडली असती. पण प्रिझमला आम्ही नीट संधी दिली नाही एवढं खरं.

ग्रुपचा आकार बघून मी लगेच हाताकडे वळलो, याचा मी बराच विचार केला. त्या उभ्या-आडव्या पसाऱ्याबद्दल ताईंना मी एकदाही विचारलं नव्हतं की शॉट सुटताना फोरसाइट कशी दिसत होती. कड स्वच्छ होती की फटी? हा एक प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला असता, तर उत्तर त्यांच्याकडे होतं. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "सुरुवातीला फटी छान दिसतात सर, मग त्या विझतात."

पुढची तपासणी वर्षभराने आहे. वयाबरोबर सिलिंडरचा अक्ष हळूहळू सरकू शकतो, जवळचा जोरही आणखी कमी होईल. नवा अक्ष आला की काठावरच्या खुणा नव्याने कराव्या लागतील, पिस्तुलाच्या काचेतलं अधिक ०.५० पुन्हा एकदा ०.७५ शी ताडून पाहावं लागेल. ताईंनी ती दोन गाठींची सुतळी फ्रेमच्या डबीतच ठेवली आहे.